बीपीचं मशीन आन् हिरवे सेल

सोमवार, ३ नोव्हेंबर

आकडा न्हाय.

मशीननं पट्टा फुगवला, दंड आवळला, आन् मधीच फुस्स. काचेत रिकाम्या सेलाचं चित्र उघडझाप करायला लागलं. तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्यांदा मशीन पेटलंच न्हाय.

ही वही इंदापूरच्या दवाखान्यातल्या बाईनं दिली. रोज बीपीचा आकडा लिवायचा, वर किती, खाली किती. आकडाच न्हाय तर लिवू काय? मंग हे लिवते. चौथीपातूर शाळा शिकले, तिचा तेवढा तरी उपेग.

सातला तानाजीचा फोन. फोटू आला न्हाय म्हणला. म्हणलं, तू घातलेले सेल मेले. तर म्हणतो, ते मरत न्हायत आई, चार्जिंगचे हायेत, तूच नीट लावले नसशील. रातभर लावलं व्हतं. तांबडा दिवा जाऊन हिरवा लागला तवा काढलं. त्याला पटत न्हाय. ह्याला चालायला, बोलायला, ढुंगण धुवायला म्या शिकवलं. आता ह्यो मला सेल कसा लावायचा ते शिकवतो.

मंगळवार, ४ नोव्हें.

आज बी न्हाय. दुसरा दिस.

उद्या न्हाय आला तर अवघड हाय. श्रावणात शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडले, दवाखान्यात नेलं, तितं बीपी सापडलं. ता. म्हंजी तानाजी तवाच मला बारामतीला न्यायला निघाला व्हता. मी अडून बसले. मंग ठरलं असं, की वरकुट्याच्या वस्तीवर एकटीनं ऱ्हायचं तर रोज सकाळी सातला मशीनच्या काचेचा फोटू पाठवायचा. सलग तीन दिस फोटू न्हाय आला तर सुट्टीच्या दिशी त्यो गाडी घेऊन येणार, माझ्या सहा शेळ्या इकणार, आन् मी त्याच्या तिसऱ्या मजल्यावर. वरचा आकडा एकशेसत्तरच्या फुडं गेला तर तीन दिसांची बी वाट बघायची न्हाय. व्हय म्हणले. न म्हणून जाते कुठं.

बारामतीचं घर बघितलंय. आठ दिस काढलेत तितं. खाली वाकून बघितलं तर दुसऱ्याच्या गाडीचं टप. सकाळी उठून करायचं काय, तर सोफ्यावर बसायचं. सून शुभांगी वाईट न्हाय, पण च्या हातात आणून देती, जसं काय माझं हात झडलेत.

मशीन आलं तवा त्याच्यात तांबडे सेल व्हते. ते बिनबोभाट चालले. दिवाळीला संपले, तर ता.नं हिरवे घातले आन् चार्जर भिंतीला लावला. म्हणला, हे हजार वेळा भरतात. हजार वेळा भरावं लागतात, हे न्हाय सांगितलं.

बुधवार, ५ नोव्हें.

वर १४६, खाली ८४.

चार्जरातनं काढून गरम गरमच घातले आन् लगीच बटण दाबलं. पट्टा फुगला, सुटला, आकडा आला. फोटू सातच्या आत गेला. ता.नं अंगठा धाडला. तोंडानं बोलायला सवड न्हाय साहेबाला.

खात्री करावी म्हणून परत बटण दाबलं. फुस्स.

म्हंजी हे धारोष्ण दुधागत हाय. काढलं की प्यायचं, ठेवलं की नासलं.

शनिवार, ८ नोव्हें.

गुरुवारी, शुक्रवारी आन् आज, तिन्ही दिस गरम सेलावर भागलं. १४४, १४८, १४६. पण रोज रातच्याला चार्जर, पहाटं उठून पळापळ. हे काय जगणं हाय?

म्हणून आज हिरव्यांची परीक्षा घेतली.

टॉर्चात घातले. उजेड पिवळा, कावीळ झाल्यागत. गोठ्यात शेळी हाय एवढं दिसलं, कोणती ते न्हाय.

रेडिओत घातले. आवाज खणखणीत. मला वाटलं, चला, हितं तरी अब्रू राखली. तर कांद्याचा भाव सांगता सांगता धप्पकन बंद. तांबडा सेल मरायला टेकला की आवाज बसत जातो, दोन दिस कण्हतो, माणसाला कळतं. हे बेणं कण्हत बी न्हाय. आत्ता व्हतं, आत्ता गेलं.

टीव्हीच्या रिमोटात चालतात. भिंतीवरच्या घड्याळात एक घातला, ते बी झकास चाललंय. हे ता.ला सांगणार न्हाय.

घड्याळातला काढून परत चारी एकत्र केलं आन् पत्र्यावर उन्हात ठेवलं, मिरच्यांच्या शेजारी. तांबडे सेल उन्हात ठेवलं की आणिक चार दिस निघतात, आमी सगळी तेच करतो. बांधापलीकडनं माझी जाऊ सोना आली. हिला माझ्या पत्र्यावर काय हाय ते तिच्या अंगणातनं दिसतं, स्वताच्या चुलीवरचं दूध उतू जातंय ते दिसत न्हाय. म्हणती कशी, "अक्का, औंदा सेलाच्या कुरडया का?"

म्हणलं, व्हय, तुझ्या पोरीच्या रुखवतात ठेवायला.

दुपारी खाली आणलं तर एकाचं हिरवं कातडं सुटलेलं. बाकीच्यांत बी काय राम उरला न्हवता.

सोमवार, १० नोव्हें.

काल न्हाय. आज न्हाय.

शनिवारी सांजंपासून वस्तीवरची लाईट गेली ती आज सकाळी आली. ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरनं तार ओढली म्हणं. लाईटच न्हाय तर चार्जर काय माझ्या मायेनं भरणार? तांबड्याला लाईट लागत न्हाय. दुकानातनं आणला, घातला, चालला. हे एवढं साधं त्या कंपनीत काम करणाऱ्या शान्याला कळत न्हाय.

आज मला अक्कल सुचली. भिंतीच्या दिवळीत दोन जुने तांबडे सापडले. दोन तांबडे, दोन हिरवे घातले. मशीन पेटलं. पट्टा अर्धा फुगला आन् गप. काढलं तर एक तांबडा गरम, आन् त्याच्या बुडातनं चिकट पाणी सुटलेलं. एका जुवाला खोंड आन् म्हातारा बैल जुंपला की खोंड बी जातो. चुलत्यानं एकदा असं केलं व्हतं, मी त्याला नावं ठेवली व्हती. चुलता मेला, बरं झालं, न्हायतर आज हसला असता.

खाचेतलं चिकट पाणी कापडानं पुसलं. बोटं चुरचुरतात.

मंगळवार, ११ नोव्हें.

तिसरा दिस. न्हाय.

रातभर भरलेले गरम सेल घातले तरी फुस्स, खाचेत चिकट पाणी गेलं तवापासून. सातला फोन वाजला. ता. शांत बोलत व्हता, म्हंजी लई रागात. त्याचा बाप असाच. म्हणला, रविवारी येतो, कपडे बांधून ठेव.

म्या सगळं सांगितलं. लाईटचं, गरम सेलाचं, अर्ध्या पट्ट्याचं. ऐकून घेतलं आन् म्हणला, हेच सेल रिमोटला चालतात, शुभीच्या वजनकाट्याला चालतात, पोरांच्या खेळण्याला चालतात. मंग तुझ्याच मशीनला कसं चालत न्हायत?

  त्यो फुडं बोलला ते जसंच्या तसं लिवते, इसरायला नको म्हणून.

"सेल तूच काढून ठेवतीस आई. आकडा लपवायला."

पन्नाशीला आलेलं पोरगं आईला चोर म्हणतं. म्हणलं, मी मेंढरामागं दहा वर्सं रानोमाळ हिंडले, दुसऱ्याच्या शेतातलं कणीस तोडलं न्हाय, आन् आता तुझं चार सेल चोरू? तर म्हणतो, तसं न्हाय म्हणलं गं. मंग कसं म्हणलं?  फोन ठेवला.

दुपारी जाऊ सो. आली. शेळ्यांना गिऱ्हाईक बघून ठेव असं ता.नं तिला सांगितलंय, ते तिनं मोठ्या मायेनं सांगितलं. काळ्या शेळीच्या पाठीवर हात फिरवून गेली. आपलीच असल्यागत.

गुरुवार, १३ नोव्हें.

एस्टीनं निमगावला गेले. पिशवीत मशीन, चार हिरवे, एक फुटका तांबडा. शेळ्या सो.च्या भरवशावर सोडाव्या लागल्या, तेवढं मन मारलं.

एस्टी स्टँडाच्या मागं मारुतराव बसतो. रेडिओ, घड्याळं, मिक्सर, समदं नीट करतो. तोंड फटकळ, पण हात चांगला. त्यानं काटा असलेल्या यंत्राच्या दोन सुया हिरव्याला लावल्या, मंग भिंग घिऊन सेलावरचं बारीक वाचलं. माझ्याकडं सरकवून म्हणला, आजी, आकडे वाचता येतात का? म्हणलं, आकडे वाचता येतात, माणसं बी वाचता येतात.

हिरव्यावर १.२ लिवलेलं, ह्यो म्हणं सेलाचा जोर. त्याच्या दुकानातल्या तांबड्यावर १.५.

मंग त्यानं समजावून सांगितलं. तांबडे चार म्हंजी सहा. हिरवे चार म्हंजी पाच बी भरत न्हाय. घड्याळ, रिमोट ही थोडं खाणारी, त्यांचं तेवढ्यात भागतं. तुमच्या मशीनला पंप हाय. हवा भरताना ते एकदम ओढतं, तवा ह्यांचा दम जातो, आन् मशीन समजतं सेल संपलं. म्हणून बंद पडतं.

म्हणलं, म्हंजी पाच भाकरीच्या गड्याला चार घातल्या आन् वर मोटंला जुंपला.

"अन् त्या चार बी पापडासारख्या," मारुतराव म्हणला. हे अंगणातल्या सोलर दिव्यातले सेल हायेत म्हणं, पोटात दमच थोडा. चांगले चार्जिंगचे घेतले असते तर ह्या मशीनवर बी चालले असते कदाचित. मशीनच्या कागदावर कोणता सेल घालायचा ते छापलेलं असतं, तुमच्या ल्योकानं ते वाचलं न्हाय.

ऐकून जिवाला इतकं बरं वाटलं की च्या पाजला त्याला.

मंग त्यानं मला बी झाडलं. उन्हात कोण ठेवतं, भरायचा आन् न भरायचा एकत्र कोण घालतं, उद्या फुटला म्हंजी डोळा जाईल. ऐकून घेतलं. शिकलेल्यानं झाडलं तर ऐकावं, आपल्या पोटच्यानं झाडलं तर न्हाय.

मशीनची खाच पुसून दिली. चार तांबडे घेतले. आता ये म्हणावं रविवारी.

शुक्रवार, १४ नोव्हें.

वर १७८, खाली १०२.

मशीन असं फुगलं की दंड मोडतंय का काय. एका दमात, कुठं अडलं न्हाय. आन् हा आकडा.

काल लई हिंडले, म्हणून असंल. पाणी प्याले, भिंतीला टेकून बसले. परत केलं. १७६. परत. १७८. मशीन कसं बघा, आता थकत बी न्हाय.

फोटू काढला. पाठवला न्हाय.

मारुतरावाला फोन लावला. इचारलं, तांबड्याला जोर जास्त हाय, तर आकडा बी जास्त दावत असंल ना?

म्हणला, "न्हाय आजी. धान्य ओतणारा पैलवान असला म्हणून मापटं मोठं व्हत न्हाय."

मंग बीपीची गोळी घेता का म्हणून इचारलं. म्हणलं घेते. रोज न्हाय, पण घेते. शेळीचं दूध काढायच्या गडबडीत ऱ्हाते कधीमधी. दिवाळीपासून जरा जास्तच राहिली. मेल्यानं फुडं काय इचारलं न्हाय, नुसतं हं म्हणला. त्या हं-चा राग आला.

शनिवार, १५ नोव्हें.

वर १८२, खाली १०४. गोळी घेऊन बी. एका गोळीनं काय व्हणार म्हणा.

तांबडे काढून उशीखाली ठेवले. हिरवे परत घातले, कातडं सुटलेला सुदीक. बटण दाबलं. अर्ध्यात फुस्स, काचेत रिकाम्या सेलाचं चित्र. त्याचा फोटू काढून ता.ला धाडला.

हे लिवताना लाज वाटली का? थोडी. मंगळवारी त्यो जे बोलला ते मंगळवारी खोटं व्हतं. आज त्यानं ते खरं करायला लावलं.

अर्ध्या तासानं त्याचाच फोन. आवाज बदललेला. त्यानं कंपनीतल्या लाईटवाल्याला इचारलं म्हणं. त्यानं बी मारुतरावाचंच सांगितलं, त्या पंपाला असले सेल पुरत न्हायत.

"आई, तुझंच खरं व्हतं. चुकलं माझं."

तीस वर्सांत पहिल्यांदा. बाप मेला तवा बी न्हवता म्हणला. आन् म्हणायला आजचा मुहूर्त धरला.

फुडं म्हणला, उद्या येतानाच नवे तांबडे आणतो. माझ्यासमोर एकदा बघू. नीट आकडा आला की शेळ्यांचं नाव काढणार न्हाय, सोनाकाकीला बी सांगतो. म्हणलं, कशाला उगं एवढ्या लांब येतोस, तेल जाळत. म्हणला, येतो.

मंग शुभांगीनं फोन घेतला. "आत्या, चक्कर बिक्कर येत न्हाय ना?" न्हाय म्हणलं. सकाळी शेळ्या सोडताना खुंटा धरून उभी राहिले व्हते, ते तिला बारामतीतनं कुठं दिसतंय.

मेंढी नरम दिसली की आमी तिचा कान हातात धरायचो. गरम लागला की कळपातनं बाजूला काढायची. माझा कान धरून बघितला. थंड हाय. पण कान खरं बोलला असता तर बीपीचं मशीन कशाला काढलं असतं कुणी.

दुपारी भाकरीत मीठ घातलं न्हाय. खरडा खाल्ला न्हाय. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. सांजंला गोळी घेतली, दुसरी. दोन घेऊन जमतं का ते कुणाला इचारणार?

रविवार, १६ नोव्हें.

पहाटं उठून शेळ्यांचं उरकलं. गोळी घेतली. मंग पायरीवर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, येड्यागत. काम केलं न्हाय, कुणावर वरडले न्हाय. सो. बांधावरनं म्हणली, अक्का, बरं न्हाय का? तरी शिवी दिली न्हाय. त्याचं बी आकड्यात धरावं.

आठ वाजता उशीखालचे तांबडे काढून बघावं असं लई वाटलं. न्हाय बघितलं. बघितलं असतं तर बसता आलं नसतं.

साडेनऊला गाडी आली. ता. आन् शुभांगी. पोरांना आणलं न्हाय, म्हंजी मागची सीट मोकळी हाय. बघून घेतलं.

ता. वाकून पाया पडला, कधी न्हाय ते. मशीन मांडीवर घेतलं. हिरवे काढले, कातडं सुटलेला हातात धरून बघत बसला, हसला. "उन्हात ठेवलावतास?" शुभांगी म्हणली, आवो, माझी आई बी ठेवती. मंग त्यानं खिशातनं नवं पाकीट काढलं, दातानं फोडलं, चार तांबडे घातले. एक उलटा घातला व्हता, म्या सांगितलं तवा सरळ केला.

म्हणलं, निमगावला मारुतरावाकडं जाऊन आले. माझ्याकडं बी तांबडे हायेत. हे कसं तोंडातनं गेलं काय म्हाईत. ता. म्हणला, मंग कालचा फोटू हिरव्यांवर का काढलास? म्हणलं, तुला दावायला. त्यो माझ्याकडं बघत राहिला. शुभांगी बी. मंग ता.नं पट्टा हातात घेतला.

आता पट्टा डाव्या दंडाला बांधलाय. उजवा हात मोकळा हाय म्हणून हे लिवते. ता. म्हणतो, आई, नंतर लिव, हात हलवायचा नसतो. म्हणलं, हलतोय त्यो दुसरा हात. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलंय, आधी तारीख टाकायची, मंग दोन रकाने.

वर

खाली

त्याचा अंगठा बटणावर हाय. काळी शेळी मघापासून वरडतीया. सो. चपला काढून आत आली, भिंतीला टेकून बसली. ता. इचारतो, दाबू का?

थांब म्हणलं. दम खाऊ दे जरा.

थांबलाय.